नवीन वर्ष आणि अडलेली प्रार्थना

दरवर्षी ३१ डिसेंबरला मी एक यादी करते. वहीच्या शेवटच्या पानावर. परवा कपाट आवरताना जुन्या वह्यांचा गठ्ठा हाती लागला आणि आवरायचं सोडून मी सगळ्या वह्यांची शेवटची पानं वाचत बसले. आधी हसू आलं, मग लाज वाटली. "रोज बायबलचे तीन अध्याय." "रोज संध्याकाळी न चुकता रोझरी." "महिन्यातून एकदा कन्फेशन." "रविवारच्या मिस्सेला पाच मिनिटं आधी पोहोचणे." हे शेवटचं कलम तर सलग नऊ वर्षं आहे. अक्षर तेवढं बदलत गेलंय.

वसईत आम्ही लहान होतो तेव्हा ३१ डिसेंबर म्हणजे म्हातारा. जुने कपडे, पेंढा, वर मडक्याचं नाहीतर कागदाचं डोकं. जुन्या वर्षाचा हा म्हातारा रस्त्याच्या कडेला खुर्चीत बसवायचा, येणाऱ्याजाणाऱ्याकडून पैसे मागायचे आणि रात्री बाराला जाळायचा. आमच्या म्हाताऱ्याला बाबांची फाटकी पँट आणि दादाचा शर्ट असायचा. दादा त्याला जाळायच्या आधी त्याच्या खिशात एक चिठ्ठी टाकायचा. त्यावर म्हणे त्याची वर्षभराची पापं लिहिलेली असायची. मला कधी वाचू दिली नाही. मीसुद्धा एकदा टाकली होती. "दादाचं पेन मी हरवलं" एवढंच पाप होतं त्यात. तेव्हा पापंही किती स्वस्तात असायची!

आता रत्नागिरीत म्हातारा वगैरे काही नाही, निदान आमच्या आळीत तरी नाही. आम्ही कॅथलिक मंडळी इथे थोडीच. वसईला नाताळात गावंच्या गावं कंदिलांनी उजळतात. इथे आमच्या एका घराचा तारा बघून रिक्षावाले पत्ता सांगतात. शेजारच्या काकू दरवर्षी न चुकता विचारतात, "तुमच्यात नवीन वर्षाला काय करतात हो?" आणि दरवर्षी माझं उत्तर अर्धवट राहतं. कारण आमच्याकडे १ जानेवारी हा मुळात नवीन वर्षाचा सण नाहीच. नाताळापासूनचा तो आठवा दिवस, देवमाता मरियेचा सण. शिवाय पोप पॉल सहावे यांनी १९६८ पासून त्याच दिवशी जागतिक शांतिदिन पाळायला सुरुवात केली. एवढं सगळं कुंपणावरून सांगायचं म्हणजे दूध उतू जातं. मी सांगते, "प्रार्थना करतो." काकू म्हणतात, "छान."

तर प्रार्थना. यंदा तिथेच घोडं अडलंय, म्हणून हे लिहायला बसले.

आधी घराबद्दल थोडं सांगायला हवं. माझं माहेर वसईचं, म्हणजे आमची प्रार्थना मराठीत. सासूबाई सावंतवाडीकडच्या, त्यांची कोंकणीत. आम्ही सगळे त्यांना मांय म्हणतो. नवरा आणि मुलगी घाईत असले की इंग्रजीत उरकतात. संध्याकाळी अल्तारासमोर मेणबत्ती लागली की मांयचा तेर्स सुरू होतो आणि आम्ही आपापल्या भाषेत तिच्या मागे. पाहुण्यांना वाटतं, ही माणसं भांडतायत. पण जमतं. मण्यांची संख्या तीच असते ना.

एक गंमत सांगते. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघी, यांनी मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ साली राशोलला छापलं गेलं आणि त्यात दहा हजारांहून जास्त ओव्या आहेत. त्याच माणसाने कोंकणीत ख्रिस्ती शिकवणीचं पुस्तक लिहिलं. तेही राशोललाच, पण त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली छापलं गेलं. म्हणजे माझं माहेर आणि माझं सासर चारशे वर्षांपूर्वी एकाच माणसाच्या टेबलावर शेजारी शेजारी होतं. हे मी मांयला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तू मोठ्यान म्हण की. तोंडातल्या तोंडात कित्याक पुटपुटता?"

ती काहीतरी ओळखून होती. पण त्याआधी लेवीय.

बायबलचे रोज तीन अध्याय हा माझा लाडका संकल्प. आमच्या कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं आहेत. पहिलं उत्पत्ती, ५० अध्याय. दुसरं निर्गम, ४० अध्याय. तीनच्या हिशोबाने तीस दिवस. जानेवारी कसा मस्त जातो... नोहा, अब्राहाम, योसेफ आणि त्याचे भाऊ, तांबडा समुद्र. मग महिनाअखेरीला लेवीय सुरू होतं आणि माझं गाडं चिखलात रुततं. कोणत्या अर्पणाची चरबी कुठे जाळायची. कोणता प्राणी खायचा, कोणता नाही. तेराव्या-चौदाव्या अध्यायात तर त्वचेचे डाग, कपड्यांवरची बुरशी आणि घराच्या भिंतीवरची बुरशी. याजकाने येऊन भिंत तपासायची, घर सात दिवस बंद ठेवायचं, तरी डाग पसरला तर दगड काढायचे, आणि तरीही पुन्हा आला तर घर पाडायचं. हा नियम कोकणात जुलै महिन्यात लावला तर रत्नागिरीत एक घर उभं राहणार नाही. इथे माझं वाचन दरवर्षी थांबतं. ७३ पैकी तिसऱ्या पुस्तकात. एवढी वर्षं.

लेवीयचा पंचविसावा अध्याय मी पहिल्यांदा वाचला तो जुबिली वर्षामुळे. २४ डिसेंबर २०२४ ला पोप फ्रान्सिस यांनी रोमला पवित्र दार उघडलं आणि २०२५ चं जुबिली वर्ष सुरू झालं. ख्रिस्तसभेतली ही प्रथा १३०० सालापासूनची, पण मूळ तिकडे लेवीयमध्ये, हे प्रवचनात ऐकलं. घरी येऊन बायबल उघडलं. बुरशीचे अध्याय ओलांडून थेट पंचवीस.

काय आहे तिथे? दर पन्नासाव्या वर्षी रणशिंग फुंकायचं. गुलाम झालेल्यांनी घरी परतायचं. आणि विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जायची.

जमीन परत जायची! मी तो अध्याय दोनदा वाचला. खरं सांगते, मला आनंद झाला, आणि तो काही देवाच्या दयेचा आनंद नव्हता. मला वाटलं, हे दादाला पाठवावं. नुसता अध्यायाचा आकडा. बाकी काही लिहायचं नाही. त्याचा त्याने अर्थ लावावा.

(हे वाचणाऱ्या नातेवाइकांनी लगेच फोनाफोनी करू नये. पुढे वाचा.)

गोष्ट नेहमीचीच आहे. बाबा २०१६ साली गेले. मृत्युपत्र नव्हतं. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्यात मृत्युपत्र नसेल तर विधवेला तिसरा हिस्सा, आणि उरलेलं मुलांमध्ये समान, मुलगा-मुलगी असा भेद नाही. कायदा असा आहे. रीत अशी आहे की बहीण सही करते. २०२१ साली दादाचा फोन आला, "ये एक दिवस, कागद तयार आहेत." मी गेले. निबंधकांच्या ऑफिसबाहेर बाकड्यावर बसून मी ते हक्कसोडपत्र वाचलं. त्यात लिहिलं होतं की मी कोणत्याही दबावाशिवाय, स्वखुशीने माझा हक्क सोडत आहे. 'स्वखुशीने' हा शब्द टाइप केलेला होता. माझी खुशी माझ्या आधी टाइप होऊन आली होती.

मी नाही म्हणणार नव्हतेच. मला ती वाडी नको होती. रत्नागिरीत बसून मी तिथल्या केळींना पाणी घालणार होते का? पण त्याने विचारलं नाही. "तुला चालेल का गं," एवढे चार शब्द. तो म्हणाला, "कर सही लवकर, तुला चारची गाडी आहे ना." मी सही केली, अंगठा दिला, फोटो काढला. चहाही न घेता स्टेशनवर आले. पुढल्या वर्षी चुलत बहिणीकडून कळलं की वाडीचा रस्त्याकडचा तुकडा विकला आणि आमचं बावखल बुजवलं. वसईबाहेरच्यांसाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. त्यात आम्ही दोघं पोहायला शिकलो होतो. दादाने माझ्या पोटाखाली हात धरून शिकवलं होतं.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलत नाही. दर मे महिन्यात इथून वसईला हापूसची पेटी जायची, तीही बंद केली. २०२३ ला आई गेली तेव्हा आम्ही चर्चमध्ये एकाच बाकावर होतो, मध्ये वहिनी. शांतीचं चिन्ह द्यायच्या वेळी मी वहिनीला नमस्कार केला आणि पुस्तकात बघितलं.

तर लेवीय पंचवीस मला तलवारीसारखा सापडला होता. तिसऱ्यांदा वाचताना मात्र तेविसावं वचन आडवं आलं. तिथे देव सांगतो की जमीन कायमची विकायची नाही, कारण जमीन माझी आहे आणि तुम्ही माझ्याकडे उपरे आहात. आमच्या कोकणी भाषेत सांगायचं तर देव खोत आणि आपण सगळी कुळं. या जिल्ह्यात खोत आणि कुळ म्हणजे काय ते कुणाला समजवावं लागत नाही. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, पण शब्द अजून जिवंत आहेत. मूळ घराणं, मूळ घराणं म्हणून मी ज्या आनंदात होते, त्या घराण्याचीही मालकी तिथे नव्हती. दादा कुळ, मी कुळ, बाबाही कुळच. मेसेज पाठवला नाही. पण बोललेही नाही. वर्ष तसंच गेलं. ते पवित्र दार मध्ये पोप फ्रान्सिस गेल्यावर आलेल्या पोप लिओंनी बंदही केलं, आणि माझं आपलं होतं तिथेच.

आगमनकाळात कन्फेशनला गेले. (गुप्ततेचं बंधन फादरांवर असतं, माझ्यावर नाही, म्हणून लिहिते.) नेहमीची यादी वाचली: राग, कंटाळा, मिस्सेला उशीर. मग एकदम तोंडातून निघालं, "आणि मी भावाशी बोलत नाही." फादर थोडा वेळ गप्प होते. मला वाटलं आता सांगणार, फोन करा, माफ करा, मोठं मन करा. त्यासाठी माझं उत्तर तयार होतं, कलमवार. त्यांनी विचारलं, "त्याच्यासाठी प्रार्थना करता?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग १ जानेवारीपासून राखेच्या बुधवारपर्यंत रोज एक प्रभूची प्रार्थना त्याच्या नावाने म्हणा. एकच. सावकाश."

एक! मला हायसंच वाटलं. मी रोझरीत रोज सहा-सात वेळा म्हणते. वीस सेकंदांचं काम. यंदाच्या वहीत शेवटच्या पानावर एवढं एकच लिहिलं. तीन अध्याय नाहीत, पाच मिनिटं आधी नाही, काही नाही. यादी इतकी छोटी कधीच नव्हती.

१ जानेवारीच्या मिस्सेला लूकचं वाचन असतं. मेंढपाळ येतात, बाळाला बघतात, सगळ्यांना सांगत सुटतात, आणि मरिया त्या सगळ्या गोष्टी मनात साठवून ठेवते. दरवर्षीचं तेच वाचन. यंदा मला आईचं वाक्य आठवलं. शेवटच्या महिन्यांत आई फार बोलत नव्हती. उशाशी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' असायचं, वाचवत नसलं तरी. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा, जानेवारी २०२० मध्ये, ती टीव्हीसमोर इस्त्रीची साडी नेसून बसली होती, जणू हिलाच मंचावर बोलावणार. तर शेवटच्या भेटीत माझा हात धरून ती एवढंच म्हणाली, "मनात ठेवू नको." कशाबद्दल ते बोलली नाही. मला कळलं नाही असं मी दाखवलं.

आपल्या भाषेत 'मनात ठेवणं' किती वेगवेगळं असतं बघा. मरियेने मनात ठेवलं तेही मनात ठेवणंच, आणि मी पाच वर्षं ठेवलंय तेही. तिने मेंढपाळांचं बोलणं ठेवलं. मी 'चारची गाडी' ठेवली. आणि मी तर जपून ठेवलंय हो, अगदी तारखेसकट. फादर पुढे जगाच्या शांतीसाठी प्रार्थना करत होते आणि मी मोठ्याने प्रतिसाद देत होते. एका रात्रीच्या प्रवासावरच्या वसईशी माझा तह झालेला नाही आणि मी जगाची शांती मागतेय...

त्या संध्याकाळी तेर्स झाल्यावर सगळे उठले, मी बसून राहिले. सावकाश म्हणायला लागले. पिता, नाव, राज्य, इच्छा, भाकर... इथपर्यंत ठीक. पुढची ओळ क्षमेची. तिथे आवाज बंद.

लहानपणापासून मी ही ओळ किती हजार वेळा म्हटली असेल? भरभर म्हटली की ती गाडीतून स्टेशन जावं तशी जाते. सावकाश म्हटली की तिथे उतरावं लागतं. त्या ओळीत अट आहे! जशी आम्ही करतो, तशी तू कर. म्हणजे मी रोज देवाला सांगत होते की मी दादाला जशी वागवते तसं मला वागव. हक्कसोडपत्र वाचून सही करणारी मी, हे कागद न वाचताच रोज सही करत होते. मत्तयच्या सहाव्या अध्यायात ही प्रार्थना शिकवून झाल्यावर येशू तिच्यातल्या एकाच मागणीकडे पुन्हा वळतो, आणि ती हीच. भाकरीबद्दल नाही, मोहाबद्दल नाही.

दुसऱ्या दिवशी मांयच्या कोंकणीकडे कान दिला. तिच्या भाषेत क्रम स्पष्ट आहे: आम्ही आमच्याकडे चुकलेल्यांना क्षमा करतो हे आधी, आणि मागणं नंतर. इंग्रजीत उलटं, मागणं आधी येतं, म्हणून माझ्या मुलीच्या ते लक्षातही येत नाही. आणि क्षमेला कोंकणीत शब्द आहे 'भोगस'. मी काही भाषातज्ज्ञ नाही, त्या शब्दाचं मूळ काय ते जाणकारांनी सांगावं. पण माझ्या मराठी कानाला त्यात 'भोगणं' ऐकू येतं. क्षमा म्हटलं की मला वाटायचं, एखादी राणी वरून हात हलवते. भोगस म्हटलं की वाटलं, याचं काहीतरी आपल्याला सोसावं लागणार आहे, फुकट होणारं काम नाही हे.

मग जुनं मराठी बायबल काढलं. मत्तयमध्ये तिथे अपराध नाहीत, ऋण आहे. कर्जाची भाषा. आणि क्रियापद आहे 'सोडणे'. ऋण सोडणे! मी त्या शब्दाकडे बघत बसले. पाच वर्षांपूर्वी मी बाकड्यावर बसून सोडलं होतं ना, दोन साक्षीदारांसमोर, अंगठ्यासकट? जमीन सुटली. बाकीचं सगळं मी स्टेशनवर घेऊन आले होते.

हे सगळं लक्षात आलं म्हणून ओळ पुढे सरकली असं काही नाही. उलट तिसऱ्या-चौथ्या दिवशी जास्त राग आला. एका संध्याकाळी तर मी प्रार्थना अर्धी टाकून भांडी घासायला गेले. नवरा म्हणाला, "फादरांना सांग, दुसरं काहीतरी द्या." तो चेष्टेत म्हणाला, मी खरंच विचार केला. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ आहे ना, १९९२ चा जाडजूड, त्यात या एका मागणीवर २८३८ ते २८४५ असे आठ परिच्छेद आहेत. २८४३ मध्ये असं म्हटलंय की झालेली दुखापत न जाणवणं किंवा विसरून जाणं हे आपल्या हातात नाही. हे वाचून मला बरं वाटलं. इतकी वर्षं मी समजत होते की विसरता येत नाही म्हणजे माझी श्रद्धाच कच्ची. विसरायचं नाहीये तर. मग काय करायचंय? तिथे लिहिलंय की मन पवित्र आत्म्यापुढे ठेवायचं, तो दुखापतीची करुणा करतो. हे कसं होतं ते मात्र कुठल्याही परिच्छेदात सापडलं नाही.

साधारण दुसऱ्या आठवड्यात एक वेगळीच गोष्ट झाली. प्रार्थनेत 'ऋण' शब्दावर थांबले होते आणि डोळ्यांसमोर दादा येण्याऐवजी वहिनी आली. हातात बादली. आई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती. तिला उठवणं, पुसणं, कपडे बदलणं, रात्री तीनला हाक आली की जाणं, हे वहिनीने केलं आणि ती शाळेच्या वेळेला बाहेर असली की दादाने केलं. दादाने आईचे केस विंचरलेले मी एकदा बघितलेत, वाकडा भांग पाडून. मी काय केलं? मी वर्षातून दोनदा गेले, फळं नेली, दोन दिवस राहिले, आईजवळ बसून रडले आणि परत आले. दादाशी बोलत नव्हते म्हणून तिसऱ्यांदा जाणं टाळलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कन्फेशनमध्येही नाही. तिथे मी 'भाऊ माझ्याशी कसा वागला' याचाच पाढा वाचून आले होते आणि त्याला पापनिवेदन म्हणत होते.

म्हणजे वहीत दोन बाजू होत्या. मी फक्त येणं लिहीत होते. देणं लिहिलंच नव्हतं.

त्यामुळे दादाने केलं ते बरोबर झालं का? नाही. विचारायला हवं होतं, हे मी आजही म्हणते. बावखल बुजवायला नको होतं. ज्या वसईत फादर दिब्रिटोंसारखी माणसं हिरवाई वाचवायला रस्त्यावर उतरली, तिथे आमच्याच घराने तळं बुजवावं याचं वाईट वाटतं आणि वाटत राहील. बहिणीच्या सहीला घरोघरी गृहीत धरतात त्याबद्दल वेगळं लिहायचंय, ते लिहीनच. पण त्याचं माझ्याकडे असलेलं देणं आणि माझं त्यांच्याकडे असलेलं देणं, यांची वजाबाकी मला जमेना. मी करून बघितली. रात्री तीनच्या हाकेचे किती धरायचे?

गेल्या रविवारी मिस्सेहून आल्यावर फोन केला. दादाला नाही, वहिनीला. तेवढंच धैर्य होतं. मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, आईचं केलंस त्याबद्दल... पण तिने "हॅलो" म्हटल्यावर मी विचारलं, "सुकेळी घातलीत का यंदा?" ती म्हणाली, "कुठची गं, केळीच कमी लावल्यात आता." मग दोन मिनिटं मुलांचं, थंडीचं. मग मी म्हटलं, "वहिनी, आईचं तुम्ही दोघांनी फार केलंत. मी आले नाही." ती काही बोलली नाही. मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "थांब हं," आणि फोन दुसऱ्याच्या हातात गेला हे मला श्वासावरून कळलं.

"बोल," दादा म्हणाला.

मला काही सुचलं नाही. तोही गप्प. पाच वर्षांनी आमच्यात काय बोलणं व्हावं? तो म्हणाला, "मोहोर आला काय गं तिकडे?"

"यंदा उशिरा आहे," मी म्हटलं. "थंडी पडलीय, आता येईल. पुढच्या बाजूच्या दोन कलमांना दिसायला लागलाय."

"हं," तो म्हणाला. "बरं, ठेवतो."

एवढंच. मिनिटभराचंही नसेल. बाहेर येऊन कलमांकडे बघत उभी राहिले. नवरा फवारणीचा पंप धूत होता. त्याने विचारलं कुणाचा फोन, मी सांगितलं. तो पंप धूतच राहिला, मग म्हणाला, "मेमध्ये एक पेटी जास्त धरायची का मग?" मी म्हटलं, बघू. मोहोर टिकू दे आधी.

संध्याकाळी मांयचा तेर्स झाला. मी नेहमीसारखी मागे बसून राहिले, सावकाश सुरुवात केली आणि त्या ओळीशी पुन्हा अडले. पण थोडी पुढे जाऊन अडले असं वाटलं, किंवा मला तसं वाटून घ्यायचं असेल. मांय स्वयंपाकघरातून ओरडली, "जालां काय गो तुजां? जेवण थंड जाता."

राखेच्या बुधवारला अजून बरेच दिवस आहेत.